बेटावरच्या बंगल्याचे वारस

माझ्या भाच्याने पनवेलजवळ ओव्याला बावीस मजली इमारत बांधली आहे. तिच्या फाटकावर फायबरचं एक जहाज आहे, जहाजाखाली समोरासमोर तोंड केलेले दोन मासे आहेत, आणि संध्याकाळी त्यांच्यावर निळा दिवा पडतो. गेल्या महिन्यात तो खांदा कॉलनीतल्या माझ्या फ्लॅटवर आला, चहा अर्धा ठेवला आणि म्हणाला, "आत्या, तू एवढी वर्षं कॉलेजात मराठी शिकवलंस, आपल्या फॅमिलीच्या हेरिटेजवर दोन पानं लिही ना. ब्रोशरमध्ये टाकू. जरा रॉयल लिही." मी हो म्हटलं. आत्या झाल्यावर नाही म्हणणं किती महागात पडतं ते मी एका आत्याच्या बाबतीत पाहिलं आहे. लिहायला बसले आणि हे लिहून झालं. ब्रोशरमध्ये ते जाईल असं वाटत नाही.

आमचं घर खाडीकाठच्या गावात होतं. पुढे भात, मागे मिठागर, आणि घराला सदैव दोन वास: उन्हात तापलेल्या चिखलाचा आणि वाळत घातलेल्या जवळ्याचा, म्हणजे बारीक कोलंबीचा. माणसं आम्ही पाच. बाबा, आई, माझा धाकटा भाऊ, मी, आणि हिराआत्या. ही बाबांची थोरली बहीण. कोन गावाला दिलेली, वर्षाच्या आत विधवा होऊन परत आलेली, आणि तेव्हापासून आमच्या चुलीची मालकीण. आई नावापुरती घरधनीण होती. भाकरी थापायची ती आत्यानेच. तिची तांदळाची भाकरी इतकी पातळ असायची की बाबा ती उजेडाला धरून बघायचे आणि म्हणायचे, "बाय, आज पन माला पलीकडचं घर दिसतंय." बहिणीचं कौतुक करायची त्यांची तेवढीच रीत होती. पहाटे मला जाग यायची ती मागच्या दारी आत्या धुणं आपटायची त्या आवाजाने. धप, मग बारीक टुक. धप, टुक. आमचा धुण्याचा दगड हलायचा. खाली चिपा घातल्या, विटांचे तुकडे घातले, एका वर्षी चुलत्याने सिमेंट ओतलं, तरी त्याचं टुक काही थांबलं नाही. सगळ्या गावात तसा लंगडा दगड आमचाच.

मग शहर उभारायचं म्हणून सरकारने जमिनी घेतल्या, मिठागर गेलं, आणि हातात एकदम पैसा आला. गावात प्रत्येकाने त्याचं काय काय केलं त्यावर वेगळं पुस्तक होईल. बाबांनी जुनं घर पाडून बंगला बांधायला काढला. पाडापाडीत कामगारांनी तो धुण्याचा दगड पहारीने उलटा केला आणि खालच्या बाजूला, चाळीसेक वर्षांच्या साबणाच्या आणि चिखलाच्या थराखाली, कोरलेलं जहाज निघालं. खाली दोन मासे. दगड का हलायचा ते आम्हाला तेव्हा कळलं. माशांची पोटं जमिनीला टेकत नव्हती. आम्ही सगळे हसलो. बाबा तेवढे हसले नाहीत. त्यांनी बादलीभर पाणी मागवलं आणि खांद्यावरच्या टॉवेलने ते मासे पुसले.

दोन दिवसांत पनवेलहून एक निवृत्त गुरुजी आले. त्यांना इतिहासाचा नाद होता आणि आमच्या घरच्या जेवणाचा त्याहून जास्त. त्यांनी दगडावर कागद ठेवून पेन्सिल घासली, चष्मा वर केला, खाली केला, आणि सांगितलं की उरणच्या बाजूला जोगबेट म्हणून बेट आहे, तिथे मिठाच्या कुण्या मोठ्या व्यापाऱ्याच्या जुन्या बंगल्याचे अवशेष आहेत, आणि त्याच्या दरवाजाच्या डाव्या हाताला हेच चिन्ह आहे. उजव्या हाताची जागा रिकामी आहे. "हा शिलालंकार वंशजांखेरीज कुणाकडे असणार?" गुरुजींनी विचारलं, आणि दुसऱ्यांदा पापलेट वाढून घेतलं. शिलालंकार हा शब्द मी त्यानंतर बऱ्याच कोशांत शोधला, मिळाला नाही. पण बाबांना तो पाठ झाला. तो दगड रंगवण्यात आला. जहाज लाल, मासे सोनेरी, समुद्र निळा, सगळं तेलरंगात. मग नव्या बंगल्याच्या दारावर तो बसवला, आणि बाबा 'आमी'चं 'आम्ही' म्हणायला लागले. तो 'ह' त्यांच्या घशातून असा जोर लावून यायचा की समोरच्याला वाटायचं, ह्यांना दम लागतो.

मला हसू यायचं तोपर्यंत सगळं ठीक होतं. मी नुकतीच मॅट्रिक झाले होते, पनवेलच्या कॉलेजचा फॉर्म आणून गादीखाली ठेवला होता, आणि सही मागायची वेळ शोधत होते. तेवढ्यात उरणकडचं स्थळ आलं. मुलाचे वडील, त्यांना सगळे नाना म्हणत, सांगायचे की त्यांचं घराणं जोगबेटच्या त्याच व्यापाऱ्याकडे दिवाण होतं. बाबांना आभाळ ठेंगणं झालं. मालकाची मुलगी दिवाणांच्या घरी जाणार! आम्ही त्यांचं घर बघायला गेलो तेव्हा आत्याही बरोबर होती. घर बैठं, कौलारू, पण मधोमध सागवानी जिना, चांगला रुंद, कठड्याला वेलबुट्टी. तो जिना चढून गेलं की डोकं थेट माळ्याच्या फळ्यांना आपटायचं. वरच्या पायऱ्यांवर त्यांनी कांदे पसरले होते. "दिवाणखान्याची आठवण," नाना म्हणाले. आत्या जिन्याकडे बराच वेळ बघत राहिली. मी घरी आल्यावर फॉर्म काढून बाबांपुढे ठेवला. त्यांनी तो घडी करून खिशात घातला. "लगीन होउं दे. त्यांनी शिकवली तं शीक."

ते आठ दिवस मी रडून काढले, तेही चुलीजवळ, म्हणजे धुराचं निमित्त होतं. आठव्या दिवशी आत्याने खरकटे हात पुसले आणि मला सगळं सांगितलं. ती सहा-सात वर्षांची असताना मोठ्या भरतीने गावाचा बांध फुटला होता. भातात खारं पाणी शिरलं. दगड हवा होता, आणि जवळचा फुकटचा दगड म्हणजे बेटावरचा ओसाड बंगला. अख्खा गाव होड्या घेऊन गेला. आठवडाभर भिंती उतरवल्या आणि बांधात भरल्या. इकडून आम्ही गेलो, तिकडून उरणकडचे आले. आम्ही दगड घेतला, त्यांनी लाकूड. परत येताना आत्याच्या आज्याने तो नक्षीचा दगड वेगळा घेतला, कारण आजी धुण्यासाठी मागे लागली होती. आत्या त्याच दगडावर बसून होडीतून घरी आली. "नक्षी खाली केली म्हनून बाय लुगडी टिकली," ती म्हणाली. "वर ठेवली असती तं चिंध्या झाल्या असत्या."

"मग बाबांना सांग ना!"

"तुज्या बाला म्हाईत नाय होय? आज्याच्या तोंडून त्याने धा वेला आयकलाय. त्याला नको हाय आता."

"मग नानांच्यासमोर सांग. लग्न ठरायच्या आधी दोन्ही घरं बंगला बघायला बेटावर जाणारच आहेत."

आत्या हसली. "आनि र्‍हाऊ कुठं? तुजा बा माला घरात ठेवल?"

मी तिचे दोन्ही हात धरले. मला तो क्षण स्पष्ट आठवतो, हाताला पीठ लागलं होतं. "आत्या, मी सांगेन. मीच तुला बोलायला लावलं असं सांगेन. सगळं माझ्यावर घेईन." सोळा वर्षांच्या मुलीने दिलेला शब्द तिने खरा धरला. माझ्या घराण्यातल्या कुठल्याही माणसाचा शब्द धरू नये, हे तिला तोवर कळायला हवं होतं.

बेटावर जायचा दिवस गुरुजींनी भरती-ओहोटी बघून ठरवला, कारण ओहोटीला तिथला धक्का चिखलात जातो आणि मग खानदानी माणसालाही गुडघाभर गाळातून यावं लागतं. जेवण काय न्यायचं यावर घरात खल झाला. बाबांनी सुकट, जवळा, बोंबील यांना साफ बंदी केली. पुरी, बटाट्याची भाजी, जिलेबी. "खानदानी लोकं सुकं खात नाहीत." आत्याने मान डोलावली आणि पुऱ्यांच्या डब्याखाली कांदा घालून परतलेल्या जवळ्याचा एक डबा आणि भाकऱ्यांची चवड लपवली. तो डबा माझ्या मांडीवर होता. मचव्यात आम्ही होतो, गुरुजी होते, नाना, त्यांची बायको, आणि तो मुलगा, जो सबंध प्रवासात स्वतःच्या बुटांकडे बघत होता. वाऱ्याबरोबर जवळ्याचा वास सुटला. नानांनी दोनदा नाक वर केलं. बाबा म्हणाले, "समुद्राचा वास." नाना म्हणाले, "हां, समुद्राचाच."

बंगला मला आवडला, हे आधीच सांगते. मी तोवर एवढी मोठी मोडकी वस्तू पाहिली नव्हती. छप्पर नाही, मजला नाही, चारपैकी अडीच भिंती, खिडक्यांतून पिंपळ बाहेर आलेला आणि त्या खिडक्यांपलीकडे लख्ख पाणी. दिवाणखान्यात बकऱ्यांच्या लेंड्या. गुरुजी चपला काढून आत गेले आणि लगेच घालून बाहेर आले, कारण काटे होते. मग त्यांनी भाषण सुरू केलं. परकीय तोफा, जळती गलबतं, काळाचे घाले. एका भिंतीवर तिरक्या खोल खाचा होत्या. गुरुजी म्हणाले, तोफगोळ्यांच्या खुणा. पहारीच्या खुणा मला ओळखू येत होत्या, बांधाचं काम मी लहानपणापासून बघितलं होतं. आत्या माझ्याकडे बघत होती.

दरवाजाच्या डाव्या हाताला खरंच जहाज आणि मासे होते, अर्धे झिजलेले. उजवीकडे चौकोनी खड्डा. बाबांनी खिशातून सुतळी काढली. घरच्या दगडाचं माप त्यांनी तिला गाठी मारून आणलं होतं. त्यांनी ती खड्ड्याला लावली, लांबी, मग रुंदी. गाठीला गाठ बसली. ते वळले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्या क्षणी त्यांची फार कीव आली, आणि आजही येते. ह्याच माणसाने लहानपणी मिठागराच्या मालकाच्या कचेरीबाहेर अनवाणी उभं राहून बापाची मजुरी मागितली होती. आत या असं त्यांना कुणी कधी म्हटलं नव्हतं. एवढ्या मोठ्या दरवाजातून आपण आतले म्हणून जावं, एवढंच त्यांना हवं होतं. "बसला!" ते म्हणाले. "नाना, बघा, बसला!"

मी आत्याला कोपराने ढोसलं. हो, मी ढोसलं.

"बसल नाय तं काय," आत्या म्हणाली. "आपल्याच आज्याने हितनं काढला. पयली पहार हितं मारली, ती निसटून त्याच्या पायाव पडली. घरी येईस्तोवर शिव्या देत व्हता."

गुरुजींनी घसा साफ केला. "बाई, हे ऐतिहासिक सत्याच्या दृष्टीने..."

"गुरजी, होडीत तुमी होतात का मी?" आत्याने त्यांना बाजूला केलं आणि भिंतीवरच्या खाचांवर हात ठेवला. "तोफा नाय ना काय नाय. आमीच पाडला. बांध फुटला व्हता, प्वारं काय खानार व्हती? आनि नाना, रागवू नका, तुमचा जिना बी ह्याच घरातला. हितं व्हता बघा. खालून चौथ्या पायरीला जललेला डाग हाय का? तुमच्याकडच्या लोकांनी त्याच्याव चूल मांडली व्हती, आमी प्वारं हसलेलो."

नानांच्या बायकोने नवऱ्याकडे बघितलं. त्या पायरीवर त्या रोज तुळशीपुढच्या दिव्याचं तेल ठेवत असणार. मुलगा सबंध दिवसात पहिल्यांदाच वर बघून मोठ्याने हसला, आणि माझ्या मनात आलं की हा माणूस बहुतेक बरा असावा. पण तोवर उशीर झाला होता. कुणी भांडलं नाही. भांडण झालं असतं तर बरं होतं, त्यातून सोयरीक कधीकधी टिकते. एकमेकांचं खोटं एकाच वेळी उघडं पडलेल्या दोन माणसांनी व्याही व्हावं कसं? आम्ही पिंपळाखाली जेवलो. जिलेबीला कुणी हात लावला नाही. मी जवळ्याचा डबा उघडला तेव्हा नानांनी भाकरी पुढे केली आणि तीन भाकऱ्या खाल्ल्या. आठवड्याने त्यांच्याकडून निरोप आला की पत्रिका जुळत नाही. पत्रिका कुणी मागितलीच नव्हती.

परतीच्या मचव्यात नाना आणि मंडळी पुढे बसली, आम्ही मागे. बेट दिसेनासं झाल्यावर बाबांनी आत्याकडे न बघता विचारलं, "कोनी शिकवला तुला?" आता त्यांच्या बोलण्यात तो 'आम्ही'तला 'ह' नव्हता, ते पुन्हा आमच्यातलेच होते. आत्याने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने थांबून वाट मात्र बघितली. तेवढी वाट मला आजही मोजता येते, वल्ह्याचे चार फटके. माझ्या मांडीवर रिकामा डबा होता आणि मी त्याचं झाकण घट्ट बसवत होते.

"कोनी नाय," ती म्हणाली. "माजी जीभच लांब हाय."

बाबांनी तिला घराबाहेर काढलं नाही. त्यांनी तिच्या हातची भाकरी खाणं बंद केलं. पहिल्या दिवशी म्हणाले, भूक नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी पनवेलहून पाव आणवला आणि तिच्यासमोर चहात बुडवून खाल्ला. आईला काही सुचेना, मला सगळं सुचत होतं आणि मी गप्प होते. पाचव्या दिवशी आत्याने पत्र्याची ट्रंक भरली आणि कोनला दिराच्या घरी निघून गेली, पडवीत जागा देतील म्हणून. त्याच आठवड्यात बाबांनी माझ्या फॉर्मवर सही केली. घराण्याचं आता काही उरलं नाही, पोरगी तरी शिकू दे, असं ते आईला म्हणाले. दारावरचा दगड त्यांनी काढवला आणि टेम्पोवाल्याला खाडीत टाकायला सांगितला. मी टेम्पोवाल्याला गाठून तो कोनला पोचवायला लावला. तेवढंच मी केलं, आणि तेही माझं नाव न सांगता.

पुढे मी बी.ए. झाले, एम.ए. झाले, मुलांना निर्भीड लेखन म्हणजे काय ते शिकवलं. बाबांनी पुढे आत्याला दोनदा निरोप धाडला, दोन्ही वेळा दिवाळीच्या आदल्या दिवशी. ती आली नाही. मी कोनला गेले ती नोकरी लागल्यावर, साडी घेऊन. एक्सप्रेसवे तेव्हा नव्हता, एसटीतून उतरून आतल्या रस्त्याने चालत जायचं. घर विचारायची वेळ आली नाही. वळणावरच ऐकू आलं. धप, टुक. धप, टुक.

ती मागच्या दारी वाकून धुत होती. नक्षी खालीच. मला बघून तिने हात थांबवला नाही. "तुज्या बापाचा लाल रंग वरीसभर माज्या लुगड्यांना लागला," ती म्हणाली. "दगड पाठवलास तं खरडून तरी पाठवायचास."

म्हणजे तिला माहीत होतं. मी तिच्याजवळ खाली बसले आणि बसमध्ये पाठ करून आणलेलं सगळं विसरले. "आत्या, त्या दिवशी मचव्यात मी बोलायला हवं होतं."

"मंग बोलली का नायस?"

"घाबरले."

मला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ दे. आपल्याकडे अशा वेळी म्हातारी माणसं तसं म्हणतात. भाच्यालाही बहुधा ब्रोशरसाठी तेच हवं आहे. आत्याने लुगडं दगडावरून उचललं, एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं आणि मागे सरकली.

"ठाव हाय माला," ती म्हणाली. "पील आता. नीट जोर लाव, तुजं कालिज झालंय."